पेशीची रचना पाठ होत नसेल तर तिला विचार, तू काय सोडलंस?

धाराशिव जिल्ह्यातली एक मुलगी लातूरला रूम करून राहते, नीटचा दुसरा अटेम्प्ट देतेय. तिनं विचारलंय की पेशींची रचना आणि काम याचा तक्ता भिंतीला चिकटवलाय, रोज वाचते, तरी टेस्टमध्ये उलटसुलट होतं. आणि सोबत दोन शंका. लाल पेशीला केंद्रक नसतं हा तिचा फायदा का तोटा? आणि सगळ्या पेशींत डीएनए एकच आहे तर मग एक पेशी मीटरभर लांब आणि दुसरी बशीसारखी चपटी कशी काय होते?

बाळा, सविस्तर लिहिते, निवांत वाच. मी 26 वर्षं झाली पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, आधी तालुक्याच्या गावी आणि आता लातूरला, आणि मागची काही वर्षं डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या, पोरापोरींना स्लाईड बघायला शिकवते. दरवर्षी नवीन बॅच येते आणि त्यातली निम्मी पोरं हाच तक्ता पाठ करून आलेली असतात, तोंडाने धडाधड म्हणतात, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला की गप्प होतात. त्यामुळे तुझी अडचण स्मरणशक्तीची आहे असं मला वाटत नाही. तू जोड्या पाठ करायलीस. अमुक पेशी, तमुक आकार, ढमुक काम. जोडीला कारण नसलं की ती डोक्यात टिकत नाही, दोन तक्ते झाले की एकातलं दुसऱ्यात जातं.

एक गोष्ट आधीच सांगते. मार्क कसे पडतील ते परीक्षेवर आहे. नीटला चार पर्यायांतून अचूक ओळखायचं असतं, बोर्डाला पुस्तकातले शब्द जसेच्या तसे लागतात, तिथं पुस्तकाचीच भाषा वापर, माझी नको. मी सांगते ते लक्षात ठेवायची रीत आहे, उत्तर लिहायची नाही.

आमच्याकडं बीडची, पाटोद्याची, केजची पोरं शिकायला येतात, त्यांना मी ऊसतोडीचं सांगते कारण ते त्यांनी घरात बघितलेलं असतं. दिवाळीच्या आसपास कुटुंब कारखान्यावर निघतं तेव्हा गाडीत काय जातं? कोयते, भांडी, पांघरुणं, पिठाचा डबा. आणि मागं काय राहतं? घर, म्हातारी माणसं, कितीदा पोरांची शाळा. सगळंच सोबत नेता येत नाही, जे नेलं ते कामासाठी, आणि जे सोडलं त्याचा भुर्दंड पुढं कधीतरी बसतोच. पेशीचंही असंच बघायचं. कुठलीही पेशी समोर आली की विचार, हिनं या कामासाठी काय सोडलं, आणि त्याची किंमत ती कुठं मोजते. पेशी स्वतः काही ठरवत नाही हे तुला कळतंच, लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत जे टिकलं ते टिकलं, पण लक्षात ठेवायला असा प्रश्न बरा पडतो.

आता लाल पेशी घेऊ, कारण माझं अर्धं आयुष्य तिच्यातच गेलंय.

अस्थिमज्जेत ती तयार होत असते तेव्हा तिला केंद्रक असतंच. आत हिमोग्लोबिन भरत जातं, केंद्रक आकसत जातं, आणि शेवटी पेशी ते चक्क बाहेर टाकते, आणि शेजारच्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. नंतर एकदोन दिवसांत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) पण जातात. मग राहिलं काय? एक पिशवी आणि तिच्यात जवळपास 27 कोटी हिमोग्लोबिनचे रेणू, आणि एकेका रेणूला चार ऑक्सिजन धरता येतात. तंतुकणिका सोडल्या त्याचा एक सुंदर फायदा आहे जो तक्त्यात कुणी लिहीत नाही, ऑक्सिजन जाळणारं यंत्रच आत नाही म्हटल्यावर ही पेशी वाहून नेत असलेला ऑक्सिजन स्वतः वापरत नाही. स्वतःचं पोट ती ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडून भरते, त्यातून ऊर्जा थोडीच मिळते पण हिला तेवढी पुरते.

आता आकार. पुस्तकात येतं की दोन्हीकडून खोलगट असल्यानं पृष्ठभाग वाढतो. बरोबर आहे पण किती वाढतो ते बघ म्हणजे विसरणार नाहीस. सीबीसीच्या, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टवर एमसीव्ही असतो ना, नॉर्मल 80 ते 100 घन मायक्रोमीटर, तो लाल पेशीचं सरासरी आकारमान सांगतो. समज 90 आहे. तेवढ्याच आकारमानाचा गोल चेंडू केला तर त्याचा पृष्ठभाग साधारण 97 चौरस मायक्रोमीटर भरेल. लाल पेशीचा असतो 140 च्या आसपास. म्हणजे माल तेवढाच आणि कातडी जवळपास दीडपट. ही जास्तीची कातडी फक्त ऑक्सिजन घ्या-द्यायला नाही, ती वाकायला पण लागते. पेशीचा व्यास 7 ते 8 मायक्रोमीटर आणि कितीतरी केशवाहिन्या त्याहून अरुंद, तिथून ती दुमडून घुसते आणि पलीकडं गेली की परत बशीसारखी होते. चेंडूसारखी गच्च फुगलेली पेशी अशी दुमडत नाही. काहींना जन्मतःच असा दोष असतो की लाल पेशी गोल होतात, मग प्लीहेच्या बारीक फटीत त्या अडकतात आणि तिथंच संपतात, माणूस पिवळा पडतो, रक्त कमी होतं. आकाराचं महत्त्व याहून वेगळं काय सांगू.

तर फायदा का तोटा, तुझी शंका. दोन्ही. केंद्रक सोडलं म्हणजे नवीन प्रथिनं करायची सोय गेली, फाटलं तुटलं तर शिवायचं कसं? म्हणून साधारण 120 दिवस चालते आणि मग झिजून मोडते, आणि शरीराला दर सेकंदाला वीसेक लाख नवीन पेशी ओताव्या लागतात. 2016 मधल्या एका मोजणीनुसार माणसाच्या शरीरात स्वतःच्या अंदाजे 30 लाख कोटी पेशी, आणि त्यातल्या 84 टक्के या लाल पेशीच. म्हणजे मोजदादीनं बघितलं तर आपल्या बहुतेक पेशींना केंद्रकच नाही.

आणि याच 120 दिवसांवर आमची एक मोठी टेस्ट उभी आहे. शुगरच्या पेशंटची एचबीएवनसी करतात ऐकलं असशील, तीन महिन्यांची सरासरी. ती का चालते? रक्तात साखर असली की ती हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते, आणि लाल पेशी ते हिमोग्लोबिन बदलू शकत नाही कारण बदलायचं सामानच तिनं टाकून दिलंय. मग ती सगळी चिकटलेली साखर घेऊनच फिरते आणि आपण मोजतो. म्हणूनच नुकतंच रक्त चढवलेलं असेल, किंवा पेशी लवकर मोडत असतील, तर हा आकडा फसवतो. मी रिपोर्ट देताना सीबीसी पण बघते ते याच्यासाठी. इतकी वर्षं झाली, पण केंद्रक नसण्याचा संबंध इथपर्यंत येतो हे पोरांना सांगताना मला अजून आनंद होतो.

सिकलसेल हा आजार याच पेशीचा. विदर्भात, नंदुरबारकडं जास्त, आणि आपल्या नांदेडच्या किनवट-माहूर भागातही आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, बदल एवढाच. पण ऑक्सिजन सोडल्यावर ते हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्या होतात, आणि आत 27 कोटी रेणू दाटीवाटीनं भरलेले आहेत हे आठव, म्हणजे काड्या व्हायला जागा शोधावी लागत नाही. पेशी कोयत्यासारखी वाकडी, कडक होते, बारीक वाहिनीत अडकते, आणि त्याच्या वेदना काय असतात ते त्या लेकरांना विचारावं. आमच्या टेबलावर एकदा अशी स्लाईड आली तेव्हा बघणारी मुलगी ऊसतोड कामगाराचीच होती, तिनं मायक्रोस्कोपमधून मान वर काढली आणि एवढंच म्हणाली, मॅडम, कोयता. तिला ते पाठ करावं लागलं नाही.

लांबलं, पण हे मुद्दाम लांबवलं कारण एक पेशी अशी नीट कळली की बाकीच्या सोप्या जातात.

चेतापेशी आता. हिनं सोडलंय विभाजन. एकदा तयार झाली की बहुतेक जन्मभर तीच. बाकी सामान, केंद्रक, तंतुकणिका, सगळं आहे, पण लांबी बघ. कमरेच्या मणक्यातून पायाच्या बोटाकडं जाणारा अक्षतंतू मीटरभर असू शकतो, आणि पेशीचा मूळ देह जास्तीत जास्त मिलिमीटरचा दहावा भाग. जालन्याच्या मोसंबीएवढा देह धर, तर तिला पाऊण ते एक किलोमीटर लांब आणि बोटाएवढी जाड शेपूट असेल. आता या शेपटीच्या टोकाला लागणारी बहुतेक प्रथिनं तयार कुठं होतात? मोसंबीत. तिथून वाहून न्यावी लागतात. जलद वाहतूक दिवसाला साधारण 40 सेंटिमीटर, म्हणजे पायापर्यंत दोनतीन दिवस. संथ वाहतूक दिवसाला मिलिमीटर दोन मिलिमीटर, तिला दीडदोन वर्षं किंवा जास्त पण लागतात.

हे ऐकल्यावर मला सांग, शुगरमध्ये मुंग्या आधी कुठं येतात? पायाच्या बोटांना. हातात नंतर. सगळ्यात लांब तंतू आधी हार मानतो. मला आठवतं, मी नवीन असताना पेशंट म्हणायचे की पायात चप्पल आहे का निसटली ते कळत नाही, तेव्हा मला त्यात पेशी दिसायची नाही, आता दिसते.

आणि वेग. जाड आणि मायलिनचं वेष्टण असलेल्या तंतूत संदेश सेकंदाला 100 मीटरच्या वर जातो, बारीक, वेष्टण नसलेल्या तंतूत सेकंदाला जेमतेम एखादा मीटर. म्हणून पाय ठेचला की आधी ठेच लागल्याचं कळतं आणि तो ठणका मागून येतो. वेष्टण अखंड नसतं, मधे मधे उघड्या जागा असतात आणि संदेश त्या जागांवरून उड्या मारत जातो. हे वेष्टण चेतापेशी स्वतः करत नाही, हात-पायातल्या नसांत ते श्वान (Schwann) नावाच्या पेशी करतात, त्या तंतूभोवती गुंडाळून घेतात स्वतःला. इथं आमच्या कामाचा भाग येतो. कुष्ठरोगाचा जंतू, जो 1873 ला नॉर्वेत हॅन्सननं शोधला, तो नेमका या श्वान पेशींत घर करतो आणि थंड जागा त्याला मानवतात, म्हणून कानाची पाळी, हात, पाय. आम्ही कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला पातळ थर, घेतो. बाया येतात, तव्याचा चटका बसला, फोड आला, पण दुखलंच नाही म्हणतात, आणि न दुखण्याचं त्यांना बरंच वाटत असतं. ते बरं नसतं. घरात कुणाच्या अंगावर बधिर चट्टा असेल तर लपवू नका, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेत सुरू केलं तर हातपाय वाचतात. विषय सोडून बोलले पण हे मी कुठंही बोलते.

आतड्याची पेशी बरोब्बर उलट आहे. हिनं सोडलंय दीर्घायुष्य. अन्न, पित्त, पाचकरस सारखे अंगावर, त्यामुळे तीन ते पाच दिवसांत झडते आणि खालून नवीन येते. आतल्या बाजूला हजारो बारीक सूक्ष्मांकुर, शोषायला जागा वाढावी म्हणून, शेजारणींशी घट्ट शिवण म्हणजे मधून काही झिरपू नये, आणि ग्लुकोज ओढून घ्यायला ऊर्जा लागते म्हणून तंतुकणिका भरपूर. टेनिस कोर्टाएवढा पृष्ठभाग असं तू वाचलं असशील, पण 2014 ला स्वीडनच्या संशोधकांनी परत मोजलं तर सगळ्या अन्नमार्गाचं मिळून साधारण 32 चौरस मीटरच भरलं. परीक्षेत पुस्तकातला आकडा लिही, मनात हा ठेव. आणि किंमत? केमोथेरपी वेगानं वाढणाऱ्या पेशी मारते, म्हणून कॅन्सरसोबत हिलाही मारते, जुलाब लागतात, तोंड येतं. केसांची मुळं आणि अस्थिमज्जा त्याच रांगेत. चेतापेशी विभाजनच करत नाही म्हणून ती या कारणानं मरत नाही, काही केमो औषधांनी हातापायाला मुंग्या येतात पण ते वेगळ्या वाटेनं.

डोळ्याच्या भिंगातली पेशी पटकन सांगते. प्रकाश आरपार जावा म्हणून तिनं केंद्रक, तंतुकणिका, सगळंच सोडलं, आत नुसती पारदर्शक प्रथिनं. लाल पेशीसारखंच, पण लाल पेशी 120 दिवसांनी बदलते आणि ही बदलतच नाही. भिंगाच्या मधल्या भागातल्या पेशी आपण आईच्या पोटात असतानाच्या आहेत. सत्तर वर्षं तेच प्रथिन, हळूहळू गढूळ होतं, आजीच्या मोतीबिंदूचं एक मोठं कारण हे.

न्यूट्रोफिल ही माझी आवडती. केंद्रक सोडलं नाही पण त्याच्या पाकळ्या करून घेतल्या, दोन ते पाच, बारीक दोऱ्यानं जोडलेल्या, त्यामुळे ती रक्तवाहिनीच्या भिंतीच्या फटीतून घुसून जखमेकडं जाऊ शकते. आत जंतू मारायचे कण. रक्तात काही तासच राहते, लढते, मरते, पू दिसतो त्यात बहुतेक ह्याच. शरीर रोज 10,000 कोटींच्या घरात या तयार करतं. पाकळ्या सहा किंवा जास्त दिसायला लागल्या आणि लाल पेशी मोठ्या झाल्या असतील तर मी बी-12 तपासायला सुचवते, आपल्याकडं माळकरी घरांत, दूध-दही पण कमी खाणाऱ्यांत हे पुष्कळ दिसतं. बी-12 नसलं की डीएनए वेळेत तयार होत नाही, विभाजन रखडतं, पेशी नुसती वाढत बसते.

शुक्रपेशीनं तर जवळपास सगळाच पेशीद्रव सोडला. डोक्यात 23 गुणसूत्रं इतकी घट्ट बांधलेली की ती बांधायला प्रथिनंच वेगळी वापरली, टोपीत अंड्याचं आवरण भेदायची विकरं, मानेखाली मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या तंतुकणिका, आणि शेपूट. साठवण काही नाही, ती सगळी अंडपेशीकडं, म्हणून अंडपेशी मिलिमीटरचा दहावा भाग, नुसत्या डोळ्यांना टिंबासारखी दिसेल एवढी. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात आकारानं नॉर्मल शुक्रपेशी शंभरात चार असल्या तरी चालतं, मोजताना पोरांना हे पटत नाही. आणि एक सांगते, मूल होत नाही म्हणून आठ-आठ वर्षं फक्त सुनेच्या टेस्ट झालेल्या मी बघितल्यात. पुरुषाची तपासणी साधी, स्वस्त, विनासुई आहे, ती सगळ्यात आधी व्हायला पाहिजे.

आता तुझी शेवटची शंका, डीएनए एकच तर वेगळ्या कशा. जवळपास एकच आहे हे खरं. लाल पेशीत तो उरत नाही, शुक्र-अंडपेशीत निम्मा असतो, काही पांढऱ्या पेशी अँटिबॉडीसाठी त्यातले तुकडे इकडचे तिकडं करतात, तेवढे अपवाद. बाकी तुझ्या मेंदूतल्या पेशीत हिमोग्लोबिनचा जनुक आहे, अस्थिमज्जेतल्या पेशीत मायलिनचा आहे, पण बहुतेक बंद. घरात सगळे स्विच आहेत, कुठल्या खोलीत कुठले चालू ते वेगळं. हे खरं कशावरून? 1962 ला जॉन गर्डननं बेडकाच्या पिलाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढून, स्वतःचं केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातलं आणि त्यातून धडधाकट बेडूकपिल्लू झालं. म्हणजे आतड्याच्या पेशीनं बाकीची माहिती फेकलेली नव्हती, गुंडाळून ठेवली होती. 2006 ला यामानाकांनी उंदराच्या त्वचेतल्या साध्या पेशीत चार जनुक घालून ती परत सुरुवातीच्या अवस्थेत नेली, 2012 चं नोबेल दोघांना मिळालं.

स्विच बदलताना बघायचा असेल तर पुन्हा लाल पेशीकडंच ये. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घेणारं. जन्मानंतर तो जनुक मंदावतो आणि मोठ्यांचा चालू होतो, म्हणून सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेलं लेकरू पहिले काही महिने ठणठणीत दिसतं आणि सहाएक महिन्यांनी त्रास सुरू होतो. डॉक्टरांनी मग उलटा विचार केला, बंद झालेला स्विच परत चालू केला तर? 2023 च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत अशाच उपचाराला मान्यता मिळाली, पेशंटच्याच अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी काढून, बाळाचं हिमोग्लोबिन बंद ठेवणारा अडसर जनुक कापून सैल करतात आणि पेशी परत देतात. अजून अफाट महाग आहे. किनवटच्या लेकरापर्यंत तो यावा असं मला मनापासून वाटतं.

थोडक्यात जोडून देते, तक्त्याच्या जागी हे लिहून बघ: लाल पेशीनं केंद्रक सोडलं म्हणून दुरुस्ती नाही, चेतापेशीनं विभाजन सोडलं म्हणून मेली की बदली नाही, आतड्याच्या पेशीनं आयुष्य सोडलं म्हणून सतत नवीन लागते, भिंगानं सगळं सोडलं म्हणून मोतीबिंदू. स्नायू, फुप्फुसाची पातळ पेशी, श्वासनलिकेतली लवदार पेशी, चरबीची पेशी, या तू स्वतः कर, मी मुद्दाम करून देत नाही.

आणि एक कर. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ओळखीच्या एखाद्या लॅबमध्ये दुपारी गर्दी कमी असते तेव्हा विनंती करून दहा मिनिटं मागून घे. लिशमन नावाच्या रंगानं रंगवलेला रक्ताचा साधा नॉर्मल स्मिअर चालेल. तेलाचा थेंब टाकून 100 च्या लेन्सखाली बघ. बोअरच्या पाण्यानं धुतलेली स्लाईड असेल तर लाल पेशी निळसर राखाडी दिसतील, आपल्याकडचं पाणी क्षारी असतं म्हणून, घाबरू नको, बफर (क्षारीपणा आटोक्यात ठेवणारं द्रावण) वापरलेली दुसरी माग. लाल पेशीचा मधला भाग फिकट दिसेल, तिथं ती पातळ आहे म्हणून रंग कमी. तो फिकट भाग पेशीच्या साधारण एक तृतीयांश आहे का बघ, निम्म्याहून मोठा वाटला तर ज्याचं रक्त आहे त्याला लोह कमी आहे का विचार. मग एक न्यूट्रोफिल शोध आणि पाकळ्या मोज. किती भरल्या ते मला कळव.